तीन पाठी आणि एक पाय

माणसाच्या पाठीत मणके किती, हे कृपा करून मला विचारू नका. मी कायरोप्रॅक्टरांच्या लायसन्सच्या परीक्षेचा सुपरवायझर आहे, आणि मणके मोजणं हे परीक्षा देणाऱ्यांचं काम. मी खुर्च्या मांडतो, घंटा वाजवतो आणि कोणी कोणाशी बोलत नाही ना ते बघतो. शाळेत वर्गाचा मॉनिटर हेच करतो, फक्त त्याला टाय बांधावा लागत नाही. लायसन्स देणारं खातं वेगळं, मार्क देणारे डॉक्टर वेगळे. आमची कंपनी मधली. परीक्षा नीट पार पडली तर आमचं नाव कोणाच्या तोंडी येत नाही. बिघडली तर माझं येतं.

नर्सेसच्या आणि फार्मासिस्टांच्या परीक्षा मी झोपेतही घेतल्या असत्या. कायरोप्रॅक्टरांची मात्र ही पहिलीच. कायरोप्रॅक्टर म्हणजे औषध न देता, हाताने दाबून आणि झटका देऊन मणके ताळ्यावर आणणारा डॉक्टर. शारजात रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची वाट बघताना मी हे शेजाऱ्यांना समजावून सांगत होतो.

"मतलब हाडवैद्य," परेशभाई म्हणाले. त्यांचं खाली फरसाणाचं दुकान आहे.

"हाडवैद्य नाही हो. याला लायसन्स लागतं."

"आणि ते तुम्ही देणार?"

"मी फक्त घंटा वाजवणार."

पण बिल्डिंगला एवढा तपशील झेपत नाही. लिफ्ट खाली येईपर्यंत वसंतराव पेंडसे, म्हणजे मी, दुबईत रास अल खोरला कंबरदुखीचं फुकट शिबिर भरवताहेत, अशी बातमी गच्चीपर्यंत पोचलेली होती.

या बातमीमागची परीक्षा ओळखून खऱ्या अर्थाने घाबरलं ते एकच घर, आमच्या समोरचं. अन्वरभाई आणि शहनाझभाभी मूळचे श्रीवर्धनचे. त्यांची नबिला इंग्लंडहून कायरोप्रॅक्टर होऊन आली, पण इथल्या प्रॅक्टिकलला एकदा आपटली. यावेळीही आपटली तर पुन्हा लगेच बसता येणार नव्हतं. ज्या क्लिनिकने तिची जागा धरून ठेवली होती त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की या निकालानंतर खलास. शेजारची मुलगी परीक्षेला आहे हे मी ऑफिसला आधीच कळवलं. ऑफिसचं उत्तर आलं, की मार्क डॉक्टर देणार, तुम्ही टेबलाशी बसा आणि त्या कँडिडेटशी बोलू नका. तेव्हापासून नबिला लिफ्टमध्ये भेटली की मी छताकडे बघायचो. ती मात्र दर वेळी "गुड मॉर्निंग, अंकल" म्हणायची आणि मी नियमभंगाच्या भीतीने खोकायचो.

पहिलं विघ्न आलं सांगाड्याच्या रूपाने. परीक्षेच्या हॉलमध्ये माणसाचा प्लास्टिकचा सांगाडा हवा, असा नियम. आमच्या कंपनीचं गोदाम जबल अलीला. तिथल्या स्टोअरकीपर ओवेसने सिस्टीममध्ये त्याची नोंद 'जेंट्स, एक' अशी करून ठेवलेली, त्यामुळे त्याला बाहेर काढायला सामानाचा गेटपास चालेना. लागला तो माणसांचा एक्झिट पास, आणि त्यावर फोटो.

"सर, फोटो के बिना मैं कैसे छोडूँ? कल को कोई पूछेगा, कौन आदमी गया," ओवेस म्हणाला.

मी सांगाड्याचा पासपोर्ट साइज फोटो काढला. कान दिसायला हवेत, असंही तो म्हणाला. मग स्वतःच गप्प झाला. शेवटी मी सांगाड्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला आणि घेऊन आलो. वाटेत प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक आधी त्याच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे, जणू त्याची ही दशा मीच केली होती. उतरवताना त्याचा लोखंडी स्टँड उचलला आणि माझ्या कमरेत डावीकडे कचकन उसण भरली. सांगाडा सरळ उभा राहिला आणि मी वाकलेला राहिलो.

आता इथे बायकोबद्दल सांगणं भाग आहे. विद्युल्लता पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले आणि डोकं नंतर. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चिपळूणला तिच्या माहेरी दारात सकाळी वाकलेल्या माणसांची रांग असायची, आणि ही पोर दप्तर पाठीला लावून, सगळ्यांना एकेक लाथ देऊन शाळेत जायची. कंटाळली बिचारी. लग्न ठरताना तिने एकच अट घातली, की सासरी मी कोणाला लाथ मारणार नाही. आमच्या घरच्यांनी ती फार आनंदाने मान्य केली. पायाळूला जमिनीखालचं धन दिसतं, इतरांना न दिसणारं बरंच दिसतं, असंही म्हणतात. आमच्या हिला आजवर सोफ्याखालचे माझे मोजे तेवढे दिसले.

"अट म्हणजे अट," माझी कंबर बघून ती म्हणाली. "शेक घ्या."

कायरोप्रॅक्टरांच्या परीक्षेचा सुपरवायझर कमरेत मोडलेला दिसला तर लोक काय म्हणतील, या विचाराने मी बाहेर ताठ चालायला लागलो. ताठ म्हणजे किती, तर सांगाड्याने मान खाली घालावी इतका.

दुसरं विघ्न मॉडेल पेशंटचं. टेबलावर पालथं पडायला तीन माणसं लागतात. डॉक्टर सकाळी त्यांच्या पाठी स्वतः चाचपून कुठे काय आखडलंय ते ठरवतात. तेच अचूक उत्तर. मग परीक्षार्थी एकेक करून येतात, चाचपतात आणि सांगतात. झटका द्यायला सक्त मनाई. जो देईल तो कायमचा बाद. एजन्सीने ठरवलेल्या माणसांची एंट्री परमिशन अडकली, कारण परमिशनला फोटो हवा होता आणि फोटोला परमिशन. मग मी बिल्डिंगमध्ये शब्द टाकला.

परेशभाई तयारच होते. दुसऱ्या मजल्यावरचा राजन, केरळचा, अकाउंटंट, लॅपटॉपसमोर बसून बसून प्रश्नचिन्हासारखा झालेला, तोही आला. तिसरे मोईनचाचा. हर्णैचे. उभा जन्म जबल अलीच्या बंदरात काढून आता मुलाकडे राहत होते आणि कोणाशी फारसं बोलत नसत. पाठदुखी आहे का, असं मी नियमाप्रमाणे तिघांना विचारलं.

"बिल्कुल नाही," परेशभाई म्हणाले आणि कठडा दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरले.

"झटका देत नाहीत हो. फक्त हात लावतात," मी बजावलं.

"हात तर लावू द्या हबीबी. पुढचं बघू," राजन म्हणाला.

परीक्षेची जागा रास अल खोरच्या एका गोदामाच्या वरचा मजला. खाली कांद्याच्या गोणी, वर आम्ही. खिडकी नाही. लांब पॅसेज, त्याच्या एका बाजूला पडदे लावलेल्या तीन खोल्या आणि टोकाला माझं टेबल. दिवे सेन्सरचे, म्हणजे माणूस चालेल तसे एकेक लागतात आणि कोणी हललं नाही की जातात. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मी पाच मिनिटं गप्प बसलो की काळोख. मग मी आरती ओवाळल्यासारखे हात हलवायचो आणि कोपऱ्यातला सांगाडा पुन्हा उजेडात यायचा. पाहिलं तर त्याचा उजवा पाय गळून पडला होता. कुठे पडला, ते शोधूनही सापडलं नाही.

बाई कँडिडेट असल्याने बाई अटेंडंट हवी, म्हणून विद्युल्लताला आणलं होतं. ती चहाचा थर्मास घेऊन माझ्या शेजारी बसली.

मार्क देणाऱ्या डॉक्टर इंग्रिड अगदी वेळेवर आल्या. उंच, करड्या केसांच्या, ओठ घट्ट मिटलेल्या. त्यांनी तिघांच्या पाठी चाचपल्या आणि बाहेर येऊन माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या इंग्रजीत बोलत. मी मराठीत सांगतो, कारण राग दोन्हीकडे सारखाच होता.

"ही निरोगी माणसं म्हणून आणलीत? तिघांच्याही कमरा दगड झाल्यात. असो, उत्तर तरी सोपं झालं."

मी तिघांना हलू नका म्हणून सांगितलं. पालथी पडलेली, मागून उघड्या गाऊनमधली तीन माणसं, प्रत्येकाचं तोंड टेबलाच्या भोकात. दिवे गेले की तीन पांढरे ढीग तेवढे दिसत. आमच्या ओळखीची माणसं आहेत हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. शेवटच्या खोलीतून मोईनचाचा कण्हल्याचं ऐकू आलं. "मां गं," असं काहीतरी.

डॉक्टर चहा घेत होत्या. मी टेबलाशी अगदी स्तब्ध होतो, कारण हललं की कमरेत कळ यायची. पॅसेज काळा झाला. आणि मग पलीकडच्या टोकाचा दिवा लागला. पॅसेजमध्ये कोणीच नव्हतं. दुसरा दिवा लागला. मग तिसरा, थेट शेवटच्या खोलीपर्यंत. थोड्या वेळाने मधल्या खोलीसमोरचा. मग पहिल्या. जणू कोणी सावकाश, दम घेत घेत चाललं होतं.

"वायरिंग," मी विद्युल्लताला म्हणालो.

"अहो, त्या मावशींना चहा द्या ना," ती म्हणाली. "मघापासून एकट्या राबताहेत. पायात चपलासुद्धा नाहीत."

कोणीतरी सफाईवाली असेल, असं मी मनाशी म्हटलं. सफाईवाल्यांच्या पायात बूट हवेत, ही तक्रार संध्याकाळी करायची असंही ठरवलं. मग घंटा वाजवली.

कँडिडेट तीन. एक थोराड जर्मन, एक लेबनीज तरुण आणि नबिला. जर्मनाने तिन्ही खोल्यांत काही ना काही सांगितलं. लेबनीजाने त्याहून जास्त सांगितलं. नबिलाची पाळी झाली तेव्हा डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांचे ओठ दिसेनासे झाले होते.

"ही मुलगी म्हणते, तिन्ही पाठींत काहीही नाही."

मी डोळे मिटले. अन्वरभाई आणि भाभी खाली गाडीत बसून दुआ करत होते, तेच दिसायला लागलं. परीक्षेत 'काही नाही' हे उत्तर असू शकतं, हे कुठल्या शहाण्या विद्यार्थ्याला सुचतं?

तेवढ्यात पहिल्या खोलीचा पडदा सरकला आणि राजन बाहेर आला. सरळ. प्रश्नचिन्हाचं उद्गारचिन्ह झालेलं. त्याने खाली वाकून आपल्या पायांच्या बोटांना हात लावला, आणि मग डॉक्टरांच्या पायांनाही लावायला निघाला.

"मॅडम, थँक यू! फर्स्ट क्लास!"

डॉक्टरांनी तिघांनाही परत पालथं घातलं. चाचपलं. पुन्हा चाचपलं. सकाळचे दगड गेले होते. त्या बाहेर आल्या त्या सरळ नबिलाकडे.

"तू झटका दिलास. तूच पाठी मोकळ्या केल्यास आणि मग 'काही नाही' म्हणालीस. याचा अर्थ तुला समजतो? यापुढे कधीही परीक्षा नाही."

"आय ओन्ली टच्ड देम," नबिला म्हणाली. "अंकल, प्लीज, टेल हर."

माझा नियम होता, की या कँडिडेटशी बोलायचं नाही. मी बोललो नाही. मी तिच्याकडे बघितलं फक्त, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ए बेन, इसने कुछ नहीं किया," परेशभाई मध्ये पडले. "घंटेच्या आधीच कोणीतरी आलं होतं. पाय दिला."

"पाय?" राजनने इंग्रजी करून सांगितल्यावर डॉक्टर म्हणाल्या.

"पाय. नंगा पाय, कमरेवर. तीन वेळा."

"कोणाचा?"

"हाच तर लोचा आहे," राजन म्हणाला. "मी होलमधून खाली बघत होतो. एक पाय पाठीवर, तर दुसरा जमिनीवर पाहिजे ना? नव्हता. कुछ भी नहीं था."

सगळ्यांच्या नजरा आपोआप कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे गेल्या. त्याला एकच पाय होता, पण तोही जागेवर होता.

"तुम्ही सगळे एका इमारतीत राहता," डॉक्टर थंडपणे म्हणाल्या. "ठरवून आला आहात. मी असंच कळवणार."

तेव्हा मी उठलो. म्हणजे उठायला गेलो, कळ आली, आणि चार लोकांत वाकलेलाच राहिलो. इतक्या दिवसांचा ताठपणा गेला.

"मॅडम," मी म्हणालो, "माझी कंबर बघा. हिला अजून कोणी हात लावलेला नाही. मला शेवटच्या खोलीत झोपवा. मुलीला इथे तुमच्या शेजारी उभी करा. कोणी येतं का ते बघा. कोणी नाही आलं तर मीच सही करून देतो, की आम्ही ठरवून आलो."

शर्ट काढून, बनियन वर करून, तीन शेजारी, दोन परके परीक्षार्थी आणि समोरच्या घरची लेक यांच्यादेखत मी पाठ दिली. डॉक्टरांनी डावीकडे बोट टेकवलं आणि मी जे ओरडलो ते खाली कांदेवाल्यांनी ऐकलं असणार.

"हं," त्या म्हणाल्या. "खरी आहे."

मग मी शेवटच्या खोलीत एकटा. तोंड भोकात. खाली फरशीचा एक चौकोन. बाहेर कोणी हलत नव्हतं. दिवे गेले आणि चौकोन काळा झाला. माझा श्वास मलाच खालून परत येत होता. आपण हा काय गाढवपणा केला, असं वाटत असतानाच पॅसेजच्या टोकाला 'टिक' झालं. मग जवळ. मग अगदी बाहेर. चौकोन राखाडी होत होत उजळला. पडद्याच्या कड्या वाजल्या नाहीत. चौकोनात कोणाचे पाय आले नाहीत, सावलीसुद्धा आली नाही.

आणि कमरेत, दुखत होतं त्याच जागी, एक टाच टेकली. लहानशी, भेगाळलेली, ऊबदार. मी टेबलाच्या दोन्ही कडा गच्च धरल्या. टाच पुन्हा टेकली. तिसऱ्या वेळेला आत काहीतरी सुटलं, आणि नवल म्हणजे भीतीही त्याच्याबरोबर सुटली. तापात असताना कोणी येऊन पांघरूण सारखं करून जावं, तसं वाटलं. मला रडू आलं, हे मी सांगून टाकतो. भोकातून थेंब सरळ फरशीवर पडले.

डॉक्टर आल्या. चाचपलं. बोट पुन्हा तिथेच टेकवलं. मी ओरडलो नाही.

"मी दारावरून नजर हलवली नाही," त्या म्हणाल्या. "दिवे लागले. पण आत कोणी गेलं नाही."

"अहो गेल्या की," विद्युल्लता मराठीतच म्हणाली. "तुमच्या समोरूनच गेल्या त्या मावशी. बघा, आता त्या सांगाड्याजवळ टेकल्यात."

तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि मग तिचा स्वतःचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्हाला... कोणालाच?"

"कशी आहे बाई?" मोईनचाचांनी विचारलं. सकाळपासून ते आत्ता पहिल्यांदा बोलत होते.

"ठेंगणी. पांढरी ओढणी. उजवा पाय जरा ओढत चालतात. आणि प्रत्येकाला म्हणतात, 'ऊठ मेल्या, कामाला लाग.'"

मोईनचाचा भिंतीला धरून खाली बसले.

"माझी मां ती," ते म्हणाले. "पायाळू होती. हर्णैला दर जुम्याला अंगणात लोक पालथे पडायचे रांगेत, हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका. सगळ्यांना एकच बोलायची, ऊठ मेल्या, कामाला लाग. गेली तेव्हा मी बंदरात ड्युटीवर. मिट्टी द्यायला पण पोचलो नाही." त्यांनी डोळे पुसले. "सकाळी टेबलावर कंबर लई दुखली. तोंडातून निघून गेलं, मां गं. मला काय माहीत, ती एवढ्या लांब येईल. आणि आल्यावर रांगेत माणसं दिसली की तिला राहवत नाही."

मी डॉक्टरांना हे सगळं इंग्रजीत सांगितलं. शिकलेल्या बाईला 'पायाळू' समजावताना माझी जी फे फे उडाली ती जाऊ द्या. त्या नबिलाकडे वळल्या. ती भिंतीशी उभी होती, आणि सगळ्यांत जास्त घाबरलेली तीच होती.

"तीन माणसांनी आज या पाठी तपासल्या," डॉक्टर म्हणाल्या. "दोघांनी नसलेलं शोधलं. हातांना जे लागलं तेच सांगितलं, असं तू एकटीनेच केलंस. पास."

नबिलाने तोंडावर हात दाबला आणि जिन्याकडे धावली. काही क्षणांनी खालून शहनाझभाभींचा आवाज आला, आणि कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबूनच धरला. मी आता नियमातून सुटलो होतो. "गुड मॉर्निंग, बेटा," मी जिन्यात ओरडलो. दुपार झाली होती, पण माझं बाकी राहिलं होतं.

मागे वळलो तर डॉक्टर इंग्रिड तिथेच उभ्या. इकडे तिकडे पाहिलं. एक हात कमरेवर गेला.

"मिस्टर पेंडसे," त्या अगदी हळू म्हणाल्या, "सारं आयुष्य मी लोकांच्या पाठींवर वाकत आले. माझ्या पाठीकडे कोणी बघितलं नाही. ती शेवटची खोली... रिकामी आहे?"

त्यांनी बूट काढले, नीट जोडून पडद्याबाहेर ठेवले आणि आत गेल्या. टेबल करकरलं. आम्ही कोणी हललो नाही. दिवे गेले. विद्युल्लताने उरलेल्या चहाचा एक कप भरला आणि अंधारात सांगाड्यापाशी नेऊन ठेवला.

सांगाड्याजवळचा दिवा लागला. मग पुढचा.

मोईनचाचा भिंतीला धरून उठले, पडद्यापाशी गेले आणि आत कोणालातरी समजावल्यासारखे म्हणाले, "मां, हळू गं. परकी बाय आहे."